घेण्यास नकार, सबब परत

बोळिंज, विरार (पश्चिम)
९ नोव्हेंबर २००३

ती. सत्यवतीमावशीस,
चंद्रहासचा साष्टांग नमस्कार.

तुझं दिवाळीचं पत्र आणि कडबोळ्यांचा डबा एकाच दिवशी मिळाले. डबा क्षितिजाने दोन दिवसांत संपवला. पत्र अजून शिल्लक आहे. आमचा फोन सध्या बंद आहे. टेलिफोनवाल्यांचं काहीतरी खोदकाम चाललंय म्हणतात. तुला त्याचं काही वाटणार नाही म्हणा. 'फोनवर बोललेलं फाइलला लागत नाही' म्हणून तू फोन घरात घेतलाच नाहीस.

आम्ही मजेत. कंपनीत काम भरपूर. वसुंधराच्या शिकवण्या जोरात आहेत. क्षितिजा यंदा दहावीला, म्हणजे घरात सगळे दहावीला.

एक सहज विचारायचं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये एक गृहस्थ राहतात. सज्जन माणूस. त्यांनी ९९ साली घरासाठी कर्ज काढलं, पंधरा टक्के व्याजाने. मध्यंतरी त्यांच्या नोकरीत जरा गडबड झाली आणि काही हप्ते राहिले. आता बँकेची रजिस्टर पत्रं येतात. तळमजल्यावरच्या एडवर्डकाकांनी त्यांना सांगितलं, की सही करून पत्र घेतलंच नाही तर ते मिळालं असं होत नाही, आणि मिळालं नाही ते लागू कसं होणार? तेव्हा गृहस्थांनी तीन पत्रं परत लावली. पोस्टमन लाल शाईने 'घेण्यास नकार, सबब परत' असं लिहितो आणि घेऊन जातो. काम मिटतं.

तू तीस वर्षं सहकारी बँकेच्या कर्जविभागात काढलीस म्हणून विचारतो. मिटतं ना? घाई नाही. पण लवकर लिही.

तुझा,
चंद्रहास

*

कुडाळ
१५ नोव्हेंबर २००३

चि. चंद्रहास यास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या त्या गृहस्थांनाही कळव.

मी तीस वर्षं कर्जाच्या टेबलाशी बसले. समोर येऊन 'माझ्या एका मित्राचं विचारायचं होतं' म्हणणारे इतके भेटले, की मित्र या जातीच्या परिस्थितीची मला कायमची काळजी लागून राहिली. स्वतःचं कर्ज थकलेला मनुष्य मात्र एकही आला नाही. तुझ्या गृहस्थांच्या बायकोचं नाव वसुंधरा असावं आणि मुलगी यंदा दहावीला असावी, असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर माफी मागेन.

आता ऐक. नाकारलेलं पत्र पोचलेलंच धरतात. कोर्टसुद्धा तसंच धरतं. त्या लाल शेऱ्याने एवढंच ठरतं, की पत्र दारापर्यंत आलं, माणूस घरात होता आणि त्याला वाचायचं नव्हतं. एडवर्डकाकांना माझा नमस्कार सांग आणि त्यांनी वकिली करू नये म्हणावं.

मला हे कळव. हप्ते नेमके किती राहिले? 'जरा गडबड' म्हणजे किती? तीन पत्रांनंतर बँकेचं आणखी काही आलं का? आणि पंधरा टक्के? अरे, आज त्याच बँका नव्या गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन नऊ-साडेनऊने देतायत! जुना मुकाट्याने पंधराने भरतो, कारण तो विचारायला जात नाही. जाईल कसा? तो पत्रं परत लावण्यात गुंतलाय.

तुझी,
सत्यवतीमावशी

सोबत : १. माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट, एक. २. कोरे कागद, दोन. (कारणं सांगायला एवढे पुरेत.)

*

बोळिंज
२१ नोव्हेंबर २००३

ती. मावशींना,
वसुंधराचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं पाकीट मी वापरतेय. ह्यांना माहीत नाही. तुमचं पत्र वाचून ते दोन दिवस नुसते गॅलरीत उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, मावशीचं अक्षर अजून छान आहे.

खरं सांगते. ह्यांची गोरेगावची कंपनी गेल्या वर्षी जूनमध्ये बंद झाली. आता वसई पूर्वेला एका गाळ्यात प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, निम्म्या पगारावर. माझ्या शिकवण्यांवर किराणा आणि क्षितिजाची फी भागते. आठ-नऊ महिने ओढाताण करून हप्ते भरले. मार्चपासून जमलं नाही. नऊ हप्ते राहिलेत. फोनचं खोदकाम वगैरे काही नाही, बिल भरलं नाही म्हणून कापला.

दसऱ्यानंतर बँकेचा माणूस येऊन दारावर कागद चिकटवून गेला. बावीस डिसेंबरपर्यंत भरणा झाला नाही तर घराचा ताबा घेऊ, असं त्यात आहे. तेव्हा घरात कुणी नव्हतं. संध्याकाळी ह्यांनी पाहिलं आणि खाली जाऊन गणपतीचं हे एवढं मोठं पोस्टर आणलं आणि त्या कागदावर डिंकाने चिकटवलं. तेव्हापासून जिन्यातून जाणारे येणारे आमच्या दाराच्या पाया पडतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज एक जास्वंद ठेवून जातात. मावशी, मला हसावं की रडावं कळत नाही.

ह्यांना घर जाण्याची भीती आहेच, पण बिल्डिंगमध्ये कळेल ह्याची त्याहून जास्त आहे. पोस्टमन कृष्णा अर्नाळ्याचा आहे, भला माणूस. तो परवा मला म्हणाला, "वहिनी, मी दर येळेला लाल शाईनं लिवतो, मलाच वाईट वाटतं. येकदा फोडून तरी बघा ना, आत साप नसतो." मी ह्यांच्या भीतीने फोडलं नाही.

तुम्ही काय ते नीट लिहून पाठवा. अर्ज कसा करायचा, कुणाला करायचा. बावीस तारखेला एक महिना आहे.

वसुंधरा

*

बोळिंज
५ डिसेंबर २००३

ती. मावशींना नमस्कार.

तुमच्या पत्राची रोज वाट पाहतेय. अजून काही आलं नाही. तब्येत बरी आहे ना? ह्यांना मी सगळं सांगून टाकलं, की मी तुम्हाला लिहिलंय. आधी रागावले, मग म्हणाले, बरं झालं, माझ्याने झालं नसतं. आता तेही संध्याकाळी आल्या आल्या पेटीत हात घालून बघतात.

बाकी इकडे तेच. मंगळवारी पुन्हा एक रजिस्टर आलं होतं, आम्ही दोघंही बाहेर होतो. क्षितिजाने दार अर्धंच उघडून कृष्णाला सांगितलं, "बाबांनी सांगितलंय, रजिस्टर घ्यायचं नाही." पाकीट हातातसुद्धा घेतलं नाही तिने. बापाच्या तालमीत तयार झालीय पोरगी. बँकेचंच असणार, दुसरं कोण पाठवतं आम्हाला रजिस्टर.

सतरा दिवस राहिले. दोन ओळी तरी लिहा.

वसुंधरा

*

(सहा उघडी पोस्टकार्डं. सर्वांवर कुडाळचा ८ डिसेंबर २००३ चा शिक्का.)

कार्ड १
घरातल्या सर्वांस आशीर्वाद. बँकेशिवाय रजिस्टर कोण पाठवतं, असं वसुंधराने विचारलंय. मी पाठवते! सत्तावीस तारखेला अर्जाच्या मसुद्यासकट जाडजूड पाकीट रजिस्टर केलं, हरवू नये म्हणून. ते आज परत आलं. वर लाल अक्षरात 'घेण्यास नकार'. जन्मात हजार जणांच्या कागदांवर मी शेरे मारले, माझ्यावर आज पहिल्यांदा बसला. क्षितिजाला सांगा, रागावले नाही. शिस्त चांगली आहे, शिकवणारा गाढव आहे. आता उघडी कार्डं पाठवते. कार्डाला सही लागत नाही, म्हणून ते नाकारताही येत नाही. वाचणारे वाचोत.

कार्ड २
अर्ज शाखाव्यवस्थापकांच्या नावे. खाते क्रमांक वर. पहिली ओळ अशी : 'माझी नोकरी जून २००२ मध्ये गेली व मार्च २००३ पासून मी हप्ते भरू शकलो नाही.' ही ओळ खाली ढकलायची नाही, गोल करायची नाही. सगळे अर्ज इथेच लंगडे होतात.

कार्ड ३
दुसरी ओळ : 'आपली पत्रे मी घेतली नाहीत, ही माझी चूक झाली.' होय, लिहायचं. त्याने अंगाला भोकं पडत नाहीत.

कार्ड ४
मागणी. (अ) व्याजाचा दर आज नव्या कर्जदाराला लावता तो लावावा. (आ) थकलेली रक्कम मूळ कर्जात मिळवावी. (इ) मुदत वाढवून वीस वर्षं करावी, म्हणजे हप्ता उतरेल. (ई) तोवर ताबा घेऊ नये. मागताना 'कृपया' एकदाच. चार वेळा लिहिलं की भीक वाटते.

कार्ड ५
बरोबर नेणे : आताच्या पगाराचा दाखला, वसुंधराच्या शिकवणीच्या मुलांची यादी व फी, घरखर्चाचा खरा आकडा. शक्य तर दोन हप्ते रोख. फुकट आश्वासनापेक्षा दोन हप्ते जास्त बोलतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नये.

कार्ड ६
चंदू, हे तुझ्यासाठी. घाबरू नकोस. बँकेला तुझं घर नको असतं रे. ते घेऊन ती काय करणार, ओट्यावर चहा टाकणार? तिला हप्ता हवा असतो. देणारा माणूस समोर आला की ती ऐकते. न येणाऱ्याचं मात्र काही करता येत नाही, हे मी त्या बाजूला बसून पाहिलंय. स्वतः जा.

सोबत : काही नाही. कार्डाला पोट नसतं.

*

बोळिंज
१९ डिसेंबर २००३

ती. मावशीस,
सप्रेम नमस्कार. हे पत्र सावकाश बसून वाच.

तुझी कार्डं शुक्रवारी आली. पाच आली. कृष्णाने ती माझ्या हातात देताना सांगितलं, "साहेब, दोन नंबरचं जरा कडक हाय, पन मुद्दा बरोबर हाय मावशीचा." म्हणजे अर्नाळ्यापासून बोळिंजपर्यंत सगळ्यांचं वाचून झालं होतं. मी म्हटलं, चार नंबरचं कुठाय? तो म्हणाला, पाच होती तेवढी दिली. अख्खी मागणी चार नंबरात! मी वसुंधराला म्हटलं, बघ, नशीबच असं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर खाली सोसायटीच्या नोटीस बोर्डापाशी ही गर्दी. चार नंबरचं कार्ड ए विंगमध्ये कुणाच्या तरी पेपरात अडकून गेलं होतं. त्यांनी ते सेक्रेटरीला दिलं आणि सेक्रेटरीने, ज्याचं असेल त्याने न्यावं म्हणून, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी टाचणीने लावून टाकलं. वर माझं नाव, पत्ता, सगळं ठळक. मावशी, दीड वर्ष जे लपवायला जिवाचा आटापिटा केला, ते पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लटकत होतं. वाटलं, तसंच मागे फिरावं आणि सगळे जेवायला गेले की यावं.

इतक्यात एडवर्डकाकांनी पाहिलं. म्हणाले, "चंदू, इकडे ये. हे 'इ' मध्ये काय लिहिलंय, वीस वर्षं की तीस?" बघतो तर काका कागद-पेन घेऊन कार्ड उतरवून घेत होते! काकाच नाही, पाच जण उतरवून घेत होते. हसायला कुणी आलंच नव्हतं. काकांच्या मुलाचं, फ्लॉईडचं घर त्याच बँकेच्या कर्जावर, त्याच पंधरा टक्क्यांनी. तो बोटीवर असतो, सध्या काम नाही. काकांनी स्वतः दोन रजिस्टरं परत लावलेली. मी म्हटलं, "काका, तुम्हीच तर मला सांगितलंत!" म्हणाले, "मग? मी जे करतो तेच तुला सांगितलं. फसवलं तर नाही ना?" दुसऱ्या मजल्यावरचे एक मास्तर तर असे निघाले, की त्यांनी बँकेचं म्हणून परत लावलेलं रजिस्टर मुलाच्या नोकरीच्या मुलाखतीचं होतं. ते अजून बायकोशी नीट बोलत नाहीत. म्हणजे बायको त्यांच्याशी.

एका बिल्डिंगीत सहा घरं, आणि सहाही जण आपापल्या दाराआड बसून घाबरत होतो. जिन्यात भेटलो की पाण्याच्या टँकरवर बोलायचं.

मंगळवारी सहाही जण वसईला बँकेत गेलो. व्यवस्थापक बाई आहेत, पस्तिशीच्या असतील. त्यांनी माझी फाइल काढली आणि माझी तिन्ही परत गेलेली पाकिटं टेबलावर मांडली. बंद, जशीच्या तशी. म्हणाल्या, "आता तरी फोडता का?" मी पहिलं फोडलं. ऑगस्टचं होतं. पानभर दटावणी होती, आणि शेवटी लिहिलं होतं, की आपणास काही अडचण असल्यास साठ दिवसांत शाखेत येऊन भेटावे, आपल्या लेखी म्हणण्याचा विचार केला जाईल.

मावशी, ते मला बोलावत होते. ऑगस्टपासून. आणि मी गणपतीमागे लपलो होतो. मला तिथे भरून आलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

मग तुझा अर्ज दिला, पहिल्या ओळीसकट. त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "हा कुणी लिहून दिला? असा अर्ज आमच्याकडे येत नाही." सहा अर्ज एकदम पाहून त्यांनी समोरच हेड ऑफिसला फोन लावला. एकाचा असता तर नुसता पुढे पाठवून दिला असता, असं त्याच म्हणाल्या. दोन हप्ते मागितले. मी ते नेले होते. स्कूटर विकली. पापडी गावच्या क्लेमेंटने घेतली, तो तिच्यावरून केळीचे घड नेतो. माझ्यापेक्षा ती तिथे सुखात आहे. त्याने वर राजेळी केळ्यांची एक फणी दिली.

बावीस तारखेला कुणी येणार नाही, तसं लेखी दिलंय. पक्का निर्णय महिन्याभरात कळवणार. रजिस्टर पत्राने!

दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आहे. तोवर खुर्ची सोडली नाही.

तुझा गृहस्थ,
चंद्रहास

*

कुडाळ
२७ डिसेंबर २००३

चि. चंद्रहास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग शेजारच्या बर्थाबाईंना वाचून दाखवलं. तुझी बिल्डिंग माझी कार्डं वाचते, तर माझ्या शेजारणीने तुझं पत्र ऐकायला हरकत नाही.

स्कूटर विकलीस, ते बरं केलंस. तू स्वतः गेलास, ह्याचा मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. बर्थाबाई म्हणाल्या, मोतीबिंदू असेल. असू दे.

आता रजिस्टर येईल. ते कुणी घ्यायचं हे आधी ठरवून ठेवा. क्षितिजाने घ्यावं असं मला वाटतं. तिला नाही म्हणायची सवय लागली असेल, ती मोडायला हवी.

तुझी,
मावशी

सोबत : सही करायला बॉलपेन, एक. निळं.

*

बोळिंज
२४ जानेवारी २००४

ती. मावशींना नमस्कार.

आलं! सकाळी कृष्णा खालूनच ओरडत आला, "बी विंग, सहाच्या सहा आलीत!" जिन्यात सगळी बिल्डिंग उभी. क्षितिजाने तुमच्या निळ्या पेनाने सही केली, इतकी मोठी की पुढच्या दोन रकान्यांत गेली. ह्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं, मी फोडलं.

साडेनऊ टक्के. वीस वर्षं. साडेपाच हजारांचा हप्ता आता साडेतीन हजार. मावशी, एवढं आम्हाला दोघांच्या मिळकतीत जमतं. घर राहिलं आमचं.

एडवर्डकाकांनी फ्लॉईडचं पत्र फोडून तिथेच क्रूस केला आणि म्हणाले, ह्या कुडाळच्या बाई कधी येतायत? मी म्हटलं, आमच्याच हातात असतं तर आज आणलं असतं.

दुपारी बँकेचा माणूस दारावरचा कागद काढायला आला. समोर गणपती. बिचाऱ्याने चपला काढल्या, हात जोडले, मग पाणी लावून लावून कोपरा सोडवला. कागदाबरोबर गणपतीही निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी फार हळहळल्या. दार आता उघडं-बोडकं दिसतं, पण मला तसंच आवडतं.

वसुंधरा

*

कुडाळ
१० मे २००४

बाबा,

मी मजेत आहे. मावशीआजी रोज घावणे करते आणि रोज माझं अक्षर सुधारते. पत्र लिही म्हणाली म्हणून लिहितेय, पण हे पत्र तिला दाखवणार नाहीये.

तिच्या खोलीत खिळ्याला तारेत ओवलेले कागद आहेत, वर्षावर्षाचे. मी सहज बघत होते. त्यात ते पाकीट मिळालं. मी परत पाठवलेलं. लाल शेऱ्यासकट जपून ठेवलंय तिने. मला इतकं ऑकवर्ड झालं! आत तिचं तेव्हाचं पत्र होतं. अर्ज वगैरे सेम कार्डांसारखाच. पण शेवटी तिचं ते नेहमीचं असतं ना, ते वाच :

'सोबत : १. अर्जाचा मसुदा. २. वीस हजारांचा डिमांड ड्राफ्ट, बँकेच्या नावे.'

ड्राफ्ट आत नव्हता. मी तिला विचारलं, वीस हजार कुठून आणलेस? आधी म्हणाली, दुसऱ्याचे कागद वाचू नयेत. मग म्हणाली, पाटल्या. तिच्या आईच्या. बाबा, तिने पाटल्या विकल्या होत्या! पण सोनाराने त्या मोडल्याच नाहीत. म्हणाला, सत्यवतीबाई पाटल्या विकतायत म्हणजे काहीतरी घाईत चाललंय, पंधरा दिवस तशाच ठेवतो. मग पाकीट परत आलं. तिने ड्राफ्ट रद्द केला, सोनाराचे पैसे दिले आणि पाटल्या घेऊन आली. आत्ता हातात आहेत. घावणा उलटताना वाजतात.

मी म्हटलं, दुसऱ्यांदा ड्राफ्ट का नाही पाठवलास? तर म्हणाली, "उघड्या कार्डातून ड्राफ्ट जात नाही. आणि मग मी विचार केला, पैसे पाठवले तर तो पैसे भरेल, पण पुन्हा दार लावून बसेल. बँकेत जायचा नाही." आणि म्हणाली, तुझ्या बाबाला हे सांगायचं नाही. मी प्रॉमिस केलंय. म्हणून सांगत नाहीये, लिहितेय. फाइलला लागावं म्हणून.

मी रजिस्टर घेतलं असतं तर तिच्या पाटल्या गेल्या असत्या. म्हणजे मी बरोबर केलं की चूक, तेच कळत नाही. तू सांग.

क्षितिजा

*

(रजिस्टर, पोचपावतीसह)

बोळिंज
१७ मे २००४

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

क्षितिजाला ओरडू नकोस. तिने काही सांगितलं नाही. तिने लिहिलं.

तिचं पत्र मी जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसलो. आई गेली तेव्हा तू मला मांडीवर घेऊन बसली होतीस, तेव्हा त्या पाटल्या माझ्या पाठीवर वाजायच्या, ते आठवलं. त्या तू माझ्यासाठी उतरवल्यास, आणि मी दार अर्धं उघडायला शिकवलेल्या पोरीने त्या परत पाठवल्या. ह्या घरात कुणी काही शहाणपण केलं असेल तर ते चुकून, एवढंच मला कळतं. मी तुला आधीच खरं लिहायला हवं होतं. 'एक गृहस्थ' लिहिताना मला लाज वाटली होती, तरी लिहिलं. ते मनावर घेऊ नकोस.

दर महिन्याच्या पाच तारखेला मी स्वतः बँकेत जाऊन हप्ता भरतो. पाठवून देता येतो, पण मी जातो. बाई विचारतात, मावशी बऱ्या आहेत ना?

वसुंधराने आतल्या खोलीत खिडकीपाशी एक खाट टाकलीय. शिकवणीची मुलं तिच्यावर बसायला मागतात, ती बसू देत नाही. म्हणते, तिथे मावशींची जागा आहे. क्षितिजाला आणायला मी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणार होतो. आता परतीची दोनच्या जागी तीन तिकिटं काढतोय. चार दिवसांकरता नाही, तुला करमेल तितके दिवस. हे घर कागदावर माझ्या नावावर आहे, पण ते राहिलं तुझ्यामुळे. तुझं घर म्हणून ये. एडवर्डकाकांनी तुझ्याकडून स्वतःच्या वकिलीबद्दल काय ते ऐकून घ्यायची तयारी ठेवलीय.

हे मुद्दाम रजिस्टर करतोय. बघू, घेतेस की नाही.

तुझा,
चंदू

सोबत : घराची किल्ली, एक.

*

(पोचपावती. कुडाळ, २२ मे २००४. सहीच्या जागी 'सत्यवती', आणि कडेच्या कोऱ्या पट्टीवर बारीक अक्षरात :)

घेतलं. उघडलं. तिकीट काढ.
बेल वाजवणार नाही.